चाळीस मशीन, एक मेल आणि लॅबमधलं जुनं कार्ड

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार ही तारीख काही आदल्या दिवशी जाहीर झाली नव्हती, वर्षानुवर्षं ती तिथेच होती, पण आमच्या ऑफिसात तिची दखल घेतली गेली ती साहेबांच्या स्क्रीनवर तसा मेसेज झळकला तेव्हा. लगेच मला मेल, एकच ओळ, सगळ्या मशीनवर विंडोज ११ टाकून मोकळे व्हा, वीकेंडला करा म्हणजे कुणाचं काम अडणार नाही. मी इथे आयटी बघतो. बघतो म्हणजे नेटवर्क, प्रिंटर, पासवर्ड विसरलो, माऊस हलत नाही, सगळं माझ्याच गळ्यात. ऑफिस आणि त्याला लागून मटेरियल टेस्टिंगची लॅब, मिळून चाळीसेक मशीन.

वीकेंडचं मला पटेना. शनिवारी रात्री सगळीकडे अपग्रेड लावायचं आणि सोमवारी सकाळी काय काय मोडलंय ते चाळीस लोकांच्या तोंडून एकदम ऐकायचं, त्यापेक्षा कामाच्या दिवशी लोक जागेवर असताना एकेक मशीन बघतो, कुठलं करायचं कुठलं नाही ते ठरवून संध्याकाळी यादी देतो, असं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले यात ठरवायचं काय आहे, नवीन आलंय ते टाकायचं. पण हो म्हणाले.

सकाळचा वेळ मशीन कुठलं पात्र आहे हे बघण्यात गेला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू देणं) जमणारं यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस, लागतं, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि सगळ्यात जास्त मशीन जिथे गळतात ते म्हणजे प्रोसेसर, इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची, एएमडीत साधारण रायझन २००० पासून पुढे. यातली गंमत अशी की बऱ्याच मशीनवर चेक करणारं ॲप 'चालणार नाही' म्हणून लाल फुली दाखवतं आणि लोक नवीन पीसी मागायला येतात, पण टीपीएम तिथे असतंच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू केलं की फुली गायब. आमच्याकडे अशी बरीच मशीन वाचली. मात्र बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, सस्पेंड करायचं, नाहीतर पुढच्या वेळी मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं आणि ती की कुठेय हे कुणालाच माहीत नसतं.

काही मशीन जुन्या लेगसी मोडमध्ये बसवलेली होती, डिस्कची मांडणीही जुन्या पद्धतीची, एमबीआर. तिथे नुसता मोड बदलला तर विंडोज सुरूच होणार नाही, आधी एमबीआर२जीपीटी चालवून डिस्कची मांडणी बदलायची, मग बायोसमध्ये यूईएफआय करायचं. विंडोज १० मध्येच आहे ते टूल, डेटा जात नाही, तरी बॅकअप घेतल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही.

आमच्याकडे शिकायला आलेला एक पोरगा आहे, हुशार आहे, तो म्हणाला, दादा, जी मशीन बसत नाहीत त्यांच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक एंट्री टाकली की तिथेपण ११ चढतं, मी घरी केलंय. खरंय, चढतं. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीचं मोठं अपडेट परत हातानेच खटपट करून चढवावं लागतं. म्हणजे अपडेट बंद होणार म्हणून १० सोडायचं आणि जिथे अपडेटची खात्री नाही असं ११ घालून बसायचं. घरच्या मशीनवर कर रे बाबा हवं ते, म्हटलं, इथे नको.

मग पहिलं अपग्रेड अकाउंट्सच्या मॅडमच्या मशीनवर लावलं. मुद्दाम त्यांच्याच, कारण ऑफिसात सगळ्यात जास्त सॉफ्टवेअर त्यांच्याकडे आणि काही चुकलं तर त्या नीट काय चुकलं ते सांगतात, 'कॉम्प्युटर चालत नाहीये' एवढंच नाही. आधी म्हणाल्या, माझं महिनाअखेरीचं काम आहे, तुम्ही प्रयोग दुसऱ्या कुणावर करा. मी सांगितलं की दहा दिवसांच्या आत सेटिंगमधून परत १० वर जाता येतं, जुनं विंडोज तोवर डिस्कवरच असतं, आणि ती मुदत डिझम कमांडने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, ती मी अपग्रेड झाल्या झाल्या वाढवून ठेवतो. तेव्हा कुठे खुर्ची सोडली.

अपग्रेड सुरळीत झालं. स्टार्टचं बटण मध्ये आलं म्हणून जरा नाक मुरडलं, ते एका सेटिंगमध्ये डावीकडे नेऊन दिलं. टॅली, बँकेची टोकन, प्रिंट, सगळं चालू. आणि मग त्यांनी स्कॅन केलेली बिलं उघडायला शेअर फोल्डर उघडला आणि उघडेचना. गेस्ट म्हणून आत जाणं सुरक्षेच्या धोरणात बसत नाही अशा अर्थाचा मेसेज.

कारण समजायला मला वेळ नाही लागला. आमचं स्कॅनर मशीन सगळं एका छोट्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइल ठेवायच्या डब्यावर, टाकतं आणि तो फोल्डर ज्याने कुणी पूर्वी लावला त्याने युजर-पासवर्डची कटकट नको म्हणून गेस्टला उघडा ठेवलेला. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो एडिशनमध्ये एसएमबीला, म्हणजे शेअर फोल्डर ज्या पद्धतीने उघडतात तिला, सायनिंग आपोआप सक्तीचं झालंय आणि गेस्टचा रस्ता बंद केलाय. समोरचा सर्व्हर तोच आहे आणि मधे कुणी फाइल बदललेली नाही हे सायनिंगमुळे कळतं, गेस्टला पासवर्डच नसल्याने सही करणार कशाच्या जोरावर. इंटरनेटवर याचा इलाज म्हणून दोन ओळींच्या कमांड फिरतात, सायनिंग बंद, गेस्ट चालू, झालं काम. पोराने त्या टाइप पण केल्या होत्या, एंटर तेवढं बाकी होतं. मी थांबवलं. नॅसवर सगळ्यांचे युजर बनवले, पासवर्ड दिले, स्कॅनरला वेगळा युजर दिला ज्याला त्या एकाच फोल्डरमध्ये लिहिता येतं. अर्धी दुपार गेली यात. पण ही अर्धी दुपार सोमवारी सकाळी चाळीस मशीनवर एकदम गेली असती तर काय झालं असतं याचा हिशोब साहेबांना मी नंतर करून दाखवला.

आणि हो, साहेबांचा स्वतःचा लॅपटॉप. ऑफिसातला सगळ्यात नवा, ११ ला पूर्ण पात्र, पाच मिनिटांत अपग्रेड सुरू करता येईल असा. तिथे गेलो तर त्यांचा टास्कबार स्क्रीनच्या डाव्या कडेला उभा. गेली कित्येक वर्षं तसाच म्हणे. मी म्हटलं, सर, ११ मध्ये टास्कबार खालीच राहतो, बाजूला नेता येत नाही. ते जरा वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि म्हणाले, माझं शेवटी करा.

आता लॅब. खरा दिवस इथून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

लॅबमध्ये एक यूटीएम आहे, धातूचा तुकडा दोन जबड्यांत धरून ओढायचा, तुटेपर्यंत, किती लोडला तुटला त्याचा ग्राफ शेजारच्या पीसीवर येतो आणि त्यातूनच रिपोर्ट छापला जातो. ते काका बघतात, मी कामाला लागलो त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. माझ्या यादीत तो पीसी 'अपात्र, नवीन घेणे' या रकान्यात होता, प्रोसेसर जुना, विषय संपला. नुसतं विचारायला म्हणून गेलो की काका, नवीन पीसी आला तर कुठल्या फाइल हलवायच्या. काका म्हणाले, फाइल हलवशील रे, पण ते कार्ड कसं हलवणार?

कॅबिनेट उघडलं. आत जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये हातभर लांब कार्ड, त्यातून जाडजूड केबल मशीनच्या कंट्रोलरला गेलेली, लोड मोजणाऱ्या लोड सेलचा सिग्नल याच्यातूनच येतो. कार्डावर कुणीतरी मार्करने लिहिलेलं, काढू नये. हल्लीच्या बहुतेक बोर्डांवर तो स्लॉटच येत नाही, पीसीआय एक्सप्रेस येतो, त्यात हे कार्ड बसत नाही. बरं स्लॉटवालं बोर्ड शोधून काढलं तरी पुढचा अडसर मोठा, विंडोज ३२-बिटचं होतं. ते मुद्दामच तसं ठेवलेलं, कारण कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवता येण्यासाठी लागणारा प्रोग्रॅम, ३२-बिटचा. ६४-बिट विंडोज जुने ३२-बिट प्रोग्रॅम चालवून घेतं, ड्रायव्हर मात्र त्याला ६४-बिटचाच लागतो, त्यात तडजोड नाही. आणि विंडोज ११ ३२-बिटमध्ये येतच नाही. म्हणजे १० हीच त्या कार्डाची शेवटची गाडी.

मशीन बनवणाऱ्यांना फोन लावला. त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर पुढे केलेलं नाही, नवीन कंट्रोलर, नवीन सॉफ्टवेअर, आणि ते बसवलं की आयएसओ ७५००-१ या मानकाप्रमाणे फोर्सचं कॅलिब्रेशन परत, असं सरळ उत्तर मिळालं. मेकॅनिकली मशीन ठणठणीत असताना. साहेबांना खाली बोलावलं, कार्ड दाखवलं. त्यांनी विचारलं, सपोर्ट संपला की हे बंद पडणार का? नाही, बंद काही पडत नाही, १५ तारखेला ते तसंच सुरू होणार जसं १३ ला झालं होतं. सापडलेल्या भोकांवर ठिगळं येणं थांबतं एवढंच. मग मी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं सांगितलं. मे २०१७, ज्या भोकातून तो घुसला त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी टाकला नव्हता त्यांना त्याने गाठलं, आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर तो नेटवर्कमधून आपला आपण गेला, कुणी काही क्लिक न करता. इथे तर पॅचच येणार नाही. पैसे भरून संस्थांना तीन वर्षांपर्यंत जादा अपडेट मिळतात, दरवर्षी दुप्पट दराने, पण तीन वर्षांनी आपण परत याच कार्डासमोर उभे.

साहेब म्हणाले, मग तुझं म्हणणं काय? मी म्हटलं, याला ११ नको, नवीन पीसी नको, याची नेटवर्कची केबल काढू. या मशीनला नेटवर्क लागतं कशाला? तर रिपोर्ट शेअर फोल्डरवर टाकायला, बाकी काही नाही. तो रिपोर्ट एका ठरावीक पेनड्राइव्हवर घ्यायचा, तो पेनड्राइव्ह दुसरीकडे कुठेही लावायचा नाही, फक्त शेजारच्या अपग्रेड झालेल्या मशीनवर, तिथे स्कॅन होईल आणि पुढे जाईल. डिस्कची इमेज, म्हणजे पूर्ण प्रत, काढून ठेवू, एक क्लोन एसएसडीवर करून त्यावरून टेस्ट चालवून बघू. नवीन कंट्रोलर पुढच्या बजेटमध्ये मागू, कॅलिब्रेशनची वेळ येईल तेव्हाच बदलू म्हणजे ते दोनदा करावं लागणार नाही. माझ्या मते अपग्रेड करू की नको या प्रश्नाचं उत्तर त्या पीसीपेक्षा त्याच्या मागे काय लटकलंय त्यावर जास्त असतं, आणि ते मागे वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. साहेब त्या मार्करच्या अक्षराकडे बघत म्हणाले, करा.

क्लोन संध्याकाळपर्यंत झाला, त्यावर एक तुकडा तोडून बघितला, ग्राफ आला. केबल काढली, पोर्टवर टेप लावली. यादी पाठवली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. रिपोर्टवर तारीख भलतीच, कितीतरी वर्षांपूर्वीची. गेलो, बघतो तर विंडोजचं घड्याळच मागे. विचारलं, काका, सुरू करताना काही आलं होतं का स्क्रीनवर? म्हणाले, नेहमीचंच, काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजीत येतं आणि एफ-वन दाबा म्हणतं, मी दाबतो. रोज? रोज. कधीपासून? ते त्यांना आठवेना.

बोर्डावरचा बटणसेल कधीचा मेलेला होता. मेन स्विच बंद केला की बायोस तारीख विसरायचं आणि सकाळी विंडोज नेटवर्कवरून खरी वेळ घेऊन ते झाकून टाकायचं, म्हणून कुणाला कळलंच नाही. केबल काढली तेव्हा उघडं पडलं. सीआर२०३२ चा नवा सेल घातला, तारीख लावली, काकांच्या वहीत 'दर सोमवारी घड्याळ तपासणे' असं लिहून दिलं, चुकीच्या तारखेचा रिपोर्ट रद्द करून परत छापला.

त्याच्या पुढच्या सकाळी परत काकांचा फोन, आवाजात काळजी. म्हणाले, अरे ते एफ-वनवालं आज आलंच नाही, डायरेक्ट सुरू झालं, तू काही बिघडवून तर नाही ना ठेवलंस?