तीनशे वॅटचा स्पीकर आणि गणपतीच्या आधीचे तीन दिवस

गणपतीला तीन दिवस राहिलेले, पुण्याच्या तपकीर गल्लीतून सोल्डरवायर घेऊन माझ्या अ‍ॅम्प-स्पीकर दुरुस्तीच्या वर्कशॉपला पोचलो तर दारात एक काका उभे, सोबत टेम्पोतून उतरवलेला बारा इंची दोन स्पीकरांचा गिटार कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, आणि हातात एक नवाकोरा स्पीकरचा खोका. काका चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतायत. म्हणाले, एक स्पीकर प्रॅक्टिसमध्ये गेला, हा तीनशे वॅटचा आणलाय, बसवून द्या म्हणजे पुन्हा जळायची भानगडच नको.

आधी मागचं फळकूट उघडलं. आत २५ वॅटचे, १६ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडलेले, म्हणजे अ‍ॅम्पला मिळून ८ ओहमचा लोड. मल्टिमीटर लावला, एकाने १३ च्या आसपास दाखवलं (१६ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण तेवढाच दाखवतो) आणि दुसरा ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली. कॉइल जळलेली, जळका वास येत होता. काकांचा हेड (पेटीपासून वेगळा अ‍ॅम्प) ५० वॅटचा, जुन्या पद्धतीच्या काचेच्या ट्यूबवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प आहे, कागदावर २५ अधिक २५ बरोबर बसतं पण फुल आवाजात तोडून वाजवलं की ट्यूब अ‍ॅम्प ५० च्या वर जातो हे लक्षात घ्यायला हवं. एक गेल्यावरही काका उरलेली प्रॅक्टिस त्या एकट्यावर वाजवत राहिले होते, तो वाचला हेच नशीब.

आता तो तीनशे वॅटवाला. ८ ओहमचा आणि पीएचा, म्हणजे माईक-गाण्यासाठीचा. १६ च्या शेजारी पॅरलल लावला तर लोड ५.३ ओहम होतो आणि नव्याला जुन्यापेक्षा दुप्पट पॉवर जाते. त्याहून मोठा मुद्दा आवाजाचा. गिटारच्या स्पीकरचा आवाज ५ किलोहर्ट्झच्या वरच्या तीक्ष्ण सुरांत झपाट्याने खाली येतो, त्यामुळे डिस्टॉर्शन (गिटारचा फाटका आवाज) गोड वाटतं, पीएचा ते वरचे सूरही वाजवतच राहतो. काकांना नुसतं सांगून पटलं नसतं म्हणून अ‍ॅम्प बंद करून टेस्ट बॉक्समध्ये तो एकटा जोडला, अ‍ॅम्पचं आउटपुट ८ ओहमवर लावलं आणि म्हटलं वाजवा. दोन ओळी वाजवून त्यांनी हात थांबवला. म्हणाले, हे माझं गिटार नाही. मला फार वाईट वाटलं, पैसे गेले होते त्यांचे.

मग माझ्याकडचे सेलेशन कंपनीच्या गिटार स्पीकरचे दोन नमुने काढले, दोन्ही १६ ओहमचे, म्हणून आउटपुट १६ वर. पहिला व्हिंटेज ३०, ६० वॅट, सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर किती मोठा वाजतो ते) १०० डेसिबल म्हणजे डीबी, दुसरा क्रीमबॅक जी१२एम, ६५ वॅट, ९७ डीबी. तीन डीबीचा फरक म्हणजे अ‍ॅम्पची पॉवर दुप्पट केल्यासारखं, त्यामुळे पहिला लगेच मोठा आणि भारी वाटतो आणि गिऱ्हाईक बऱ्याचदा तिथेच फसतं. म्हणून दुसऱ्याला व्हॉल्यूम वाढवून दोघं कानाला सारखे केले, मगच तुलना. व्हिंटेज ३० चे वरचे मिड्स, म्हणजे मधल्या सुरांतला वरचा भाग, पुढे येतात, रॉक बँडमध्ये ते हवेच असतात. पण काकांना गायिकेच्या मागे वाजवायचंय, तिचा आवाज जिथे उठतो तिथेच गिटार टोचणार. क्रीमबॅक वाजला तेव्हा काकांनी डोळे मिटले आणि एक जुनी लावणी अख्खी वाजवली, मी मध्ये बोललो नाही.

जुना चांगला आहे तर एकच नवा घालू का, असं त्यांनी विचारलं. आवाज जुळला असता, पण पॉवर निम्मी निम्मी वाटली जाते, २५ वाला परत तिथेच अडकला असता. क्रीमबॅकचीच जोडी घ्यायची ठरलं, दुसरा मुंबईहून रात्रीच्या बसने मागवला. बसवल्यावर ९ व्होल्टची बॅटरी टेकवून दोन्ही स्पीकरचे कोन (पुढचे कागदी पडदे) एकाच वेळी पुढे येतात ना ते पाहिलं, एक जरी उलटा लागला तरी बेस गायब होतो. नवे आहेत, महिनाभर जरा ताठ वाजतील हेही सांगून ठेवलं.

तो वाचलेला जुना स्पीकर काकांनी टॉवेलात गुंडाळून नेला, घरच्या छोट्या अ‍ॅम्पसाठी. मी त्याच्या मॅग्नेटवर मार्करने लिहून दिलं, १६ ओहम, २५ वॅट, चांगला आहे.