बेथलेहेमचा तारा: आधी ऑक्सफर्ड, मग बर्मिंगहॅम

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स याचं ‘द स्टार ऑफ बेथलेहेम’ हे चित्र बघायला निघालात तर थेट बर्मिंगहॅम गाठू नका. वाटेत ऑक्सफर्डला उतरा. हे चित्र ज्या आराखड्यातून आलं, तो मुळात चित्रासाठी नव्हताच, भिंतीवर टांगायच्या विणकामासाठी, म्हणजे टॅपेस्ट्रीसाठी होता. ते विणकाम ऑक्सफर्डला टर्ल स्ट्रीटवरच्या एक्सेटर कॉलेजच्या चॅपलमध्ये आहे.

1853 मध्ये बर्न-जोन्स आणि पुढे कापड-विणकामाचा नामवंत कारागीर झालेला विल्यम मॉरिस याच कॉलेजात भेटले. दोघेही पाद्री व्हायला आले होते. 1886 मध्ये कॉलेजने त्यांच्याकडे चॅपलसाठी टॅपेस्ट्री मागितली. बर्न-जोन्सने जलरंगात छोटा आराखडा केला. फोटोग्राफीने तो टॅपेस्ट्रीच्या मापाएवढा वाढवला गेला, मग त्याने त्यावर हात फिरवला. रंग आणि जमिनीवरची फुलं मॉरिस आणि त्याचा सहकारी डर्ल यांची. मर्टन अ‍ॅबी इथल्या मॉरिसच्या कारखान्यात उभ्या मागांवर विणकर मागच्या बाजूने विणत आणि पुढची बाजू आरशात बघत. 1890 मध्ये टॅपेस्ट्री पूर्ण झाली.

चॅपलमध्ये जवळ जाऊन पायाशी उगवलेली फुलं नीट बघा. मला तिथून हलावंसंच वाटेना. चॅपल पाहुण्यांसाठी ठरावीक वेळीच उघडं असतं, त्यामुळे कॉलेजच्या वेबसाइटवर वेळ बघूनच निघा.

ऑक्सफर्डहून बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला थेट गाडी आहे, साधारण सव्वा तास लागतो. स्टेशनपासून चित्र जिथे आहे ते संग्रहालय (बर्मिंगहॅम म्युझियम अँड आर्ट गॅलरी) चालत दहा-बारा मिनिटांवर, प्रवेश मोफत. 1887 मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने आपल्या नव्या संग्रहालयासाठी याच शहरात जन्मलेल्या चित्रकाराकडे चित्र मागितलं, आणि त्याने तोच आराखडा पुन्हा हाती घेतला. शिडीवर चढ-उतार करत त्याने ते 1891 पर्यंत पूर्ण केलं. अडीच मीटर उंच, पावणेचार मीटरहून रुंद, आणि सगळं जलरंगात!

टॅपेस्ट्री ताजी डोळ्यांत असेल तर फरक लगेच कळतो. आकृत्या त्याच: डावीकडे लाकडं घेतलेला जोसेफ, मेरीला बिलगलेलं बाळ येशू, मध्ये हातात तारा धरून तरंगणारा देवदूत, उजवीकडे ताऱ्यामागून बाळाला बघायला आलेले तीन राजे. पण इथे सगळं निळ्या-हिरव्या सावलीत गेलंय. विणकामात सण आहे, इथे पहाटेची थंडी. मला हे दुसरं रूप जास्त खोल वाटतं, कारण इथे रंग त्याचे स्वतःचे आहेत.

आता रेखाटनांबद्दल. बर्न-जोन्सच्या रेखाटनांचा जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक याच संग्रहालयात आहे, हजाराहून अधिक कागद. ते भिंतीवर क्वचितच दिसतात, कारण उजेडाने कागद खराब होतो. काही आठवडे आधी ईमेल करून, काय बघायचंय ते नेमकं सांगून वेळ मागा. पेन बॅगेत ठेवा, पेन्सिल न्या. त्याची पद्धत अशी: आधी मॉडेलवरून उघड्या अंगाची ठेवण, मग वेगळ्या कागदावर कापडाच्या चुण्या, चेहरे आणि हात आणखी निराळे. एकेका चुणीवर तो किती वेळ रेंगाळला असेल हे कागद हातभर अंतरावर आल्यावरच जाणवतं. म्हणून रेखाटनं शेवटी ठेवू नका. आधी रेखाटनं, मग मोठं चित्र, आणि वेळ उरला तर पुन्हा रेखाटनं.

2020 पासून संग्रहालय वायरिंगच्या कामामुळे दीर्घकाळ बंद होतं आणि टप्प्याटप्प्याने उघडलं. चित्र सध्या प्रदर्शनात आहे का, हे गाडीचं तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या.