हत्ती विदाउट तिकीट

"पण हत्तीने तिकीट काढलं होतं का?"

कल्याण फास्ट, लेडीज डबा, मी चौथ्या सीटवर अर्धी लटकलेली. मोबाईलवर गोष्ट लिहीत होते: १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीत चोरून बसलेला हत्ती. शेजारणीच्या मांडीवरची चिमुरडी केव्हापासून स्क्रीन वाचत होती, पत्ताच नाही.

ऑफिस, डबे, सासूबाईंच्या गोळ्या यांतून लिहायला उरतो तो हाच प्रवास. त्यातही मी 'बालमनाला काय रुचेल' (किती जड शब्द!) याचा विचार करत बसते. हिला रुचण्याबिचण्याचं काही नव्हतं, टीसीची काळजी होती.

मुलांसाठी लिहिणाऱ्यांनो, असं खोड काढणारं मूल तुम्हाला कुठे मिळतं? आमचे चिरंजीव "छान आहे, आई" म्हणतात आणि खेळायला पळतात.