घाबरट लेकरू आणि गड्ड्यातले पाळणे: माझा अनुभव

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर भरणाऱ्या जत्रेला, जायचं ते दिवे लागल्यावर, हे सोलापुरात ठरलेलंच. घाबरट लेकरासाठी आधी तेच बदलावं लागतं. आमच्या अडीच वर्षांच्या लेकीला होम मैदानावर नेलं ते संक्रांतीची गर्दी ओसरल्यावर, आडवारी, दुपारी साडेचारला. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दिवस आणि शोभेच्या दारूकामाची संध्याकाळ सोडूनच द्यायची. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मग स्पीकर, भोंगे, जनरेटर सगळंच चढतं. या वयाचं लेकरू पाळण्याला कमी आणि आवाजाला जास्त भितं. ‘मौत का कुआँ’च्या फळ्यांवर गाडी चढली की तो आवाज लांबूनही छातीत बसतो, म्हणून आत शिरतानाच त्याच्या उलट्या बाजूची वाट धरायची.

जेवण दीड-दोन तास आधी. निघताना दूध पाजू नये, मुरमुरे चालतात. सुट्टे पैसे जवळ हवेत, कारण गर्दीत मोबाइलचं नेटवर्क अडकतं आणि तिकिटाच्या खिडकीपाशी लेकराचा धीर सुटतो. आपला फोन नंबर कागदावर लिहून तिच्या खिशात. ओढणी, मफलर घरीच.

पहिली वीस मिनिटं तिकीट काढायचं नाही. छोट्या आगगाडीपासून दहा-बारा पावलांवर, लेकरू कडेवर घेऊन चार-पाच फेऱ्या नुसत्या बघायच्या. पाळणा थांबतो, हेच मुळात लेकराला ठाऊक नसतं. गाडीचा वेग उतरायला लागला की “आता थांबणार बघ” म्हणायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी आमची लेक आपणच “थांबली” म्हणाली, तेव्हा तिकीट काढलं.

आगगाडी आधी, कारण ती जमिनीलगत चालते आणि डुलत नाही. डब्याची साखळी आकड्यात बसलीय का, ते स्वतः ओढून बघायचं. चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं, “दादा, पहिला फेरा सावकाश घ्या, रडली तर थांबवा.” बहुतेक जण ऐकतात. आपण बाहेर एकाच जागी उभं राहायचं. फोटोसाठी इकडेतिकडे सरकलो की पुढच्या फेरीला लेकराला आपण दिसत नाही, आणि रडू फुटतं ते तिथंच.

मग घोड्यांची चक्री. घोडा आतल्या रांगेतला. फेरीला वेळ सगळ्यांना तोच लागतो, पण बाहेरच्या घोड्याला अंतर जास्त, म्हणून तो जोरात पळतो. वरखाली होणारा घोडाही पहिल्यांदा नको. आमची लेक दांडी इतकी आवळून बसली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिला “सोड, घाबरू नको” म्हटलं नाही, तिच्या मुठीवर नुसता हात ठेवून शेजारी उभी राहिले. साखळ्यांच्या खुर्च्या टाळल्या. वेग वाढला की त्या बाहेर तिरप्या होतात.

टोराटोरा, ब्रेक डान्स अशा जोरात गरगरणाऱ्या मोठ्यांच्या पाळण्यांत लेकरू मांडीवर घेऊन बसणारे आईबाप दिसतात, त्यांचं धाडस मला कळत नाही. दोघांना मिळून एकच दांडी असेल तर ती मोठ्याच्या मांडीवर अडते आणि लेकराच्या पोटापुढे वीतभर फट राहते. झटका बसला की हाताची पकड पुरत नाही. लहानांच्या हळू फिरणाऱ्या बाकावर शेजारी बसायचं झालं, तर लेकरू मधल्या खांबाकडे आणि आपण बाहेर. फिरताना अंग बाहेर ढकललं जातं, उलटं बसलो तर आपला भार तिच्यावर येतो.

हवेच्या मोठ्या घसरगुंडीवर (आपल्याकडे सगळे तिला ‘मिकी माऊस’च म्हणतात) पंखा सतत हवा भरत असतो. त्याची घरघर मागच्या बाजूला जास्त, म्हणून पुढूनच न्यायचं. वीज गेली की फुगा हळूहळू बसतो, तेव्हा लेकरू हात पोचेल इतक्याच अंतरावर हवं. आत मोठी पोरं उड्या मारत असतील तर थांबायचं.

मध्येच रडली तर लगेच उतरवायचं, तिकिटाचे पैसे गेले असं समजायचं. आणि हसत असतानाच, तासाभरात निघायचं. दुसऱ्या खेपेलाही आधी आगगाडीच. मागच्या वेळी घोड्यावर बसली म्हणून थेट तिकडे नेलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.