मशीन बदलण्याआधी रबर बघा: जुन्या सात सीटर गाडीच्या काचा

जुनी अर्टिगा किंवा इनोव्हा बघायला गेलं की लोक बॉनेट उघडतात, टायर दाबून बघतात, एसी लावतात. काचांची तपासणी फार तर ड्रायव्हरची काच एकदा खाली-वर करण्यापुरती होते. सात सीटर गाडीत काचांचा पसारा मोठा असतो. पुढची मोठी काच, चार दरवाज्यांच्या चार, तिसऱ्या रांगेच्या दोन पक्क्या काचा आणि डिकीची काच. प्रत्येक काच रबरात नाहीतर गोंदात बसलेली असते. ठाणे-नवी मुंबईत सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर काचेच्या आणि मोटरच्या कितीतरी आधी म्हातारं होतं. म्हणून आमचं सांगणं एकच: काचेची कुठलीही तक्रार असली तरी आधी रबर आणि पाण्याचा रस्ता बघा, मग मोटरकडे वळा.

गाडी घेतानाच दहा मिनिटं काचांना द्या. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो: उत्पादकाचं नाव, आयएसआय चिन्ह, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि वर्ष दाखवणारा एक-दोन आकडी अंक. महिन्यासाठी ठिपके असतात, पण ते वाचायची पद्धत कंपनीगणिक वेगळी, त्यात पडू नका. फक्त सगळ्या काचांवरचं वर्ष जुळतंय का ते बघा. २०१७ च्या गाडीत सगळ्या काचा १६ किंवा १७ च्या आणि मागच्या डाव्या दाराची एकटीच २१ ची असेल, तर ती नंतर बदलली आहे. कारण साधंही असू शकतं, दगड लागला असेल किंवा चोरीत फुटली असेल. पण विचारा, आणि तो दरवाजा जोरात लावून आत खळखळ ऐकू येते का बघा. दाराच्या काचा टफन्ड असतात, फुटल्या की त्यांचे बारीक दाणे होतात. घाईत काम केलेलं असेल तर ते दाणे दाराच्या तळाशी तसेच राहतात आणि पाणी निघायची भोकं बुजवतात.

मग तिसऱ्या रांगेत बसा आणि दोन्ही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याच्या आतल्या भागावर पाण्याची रेघ, बुरशी किंवा चिखलाचा डाग असेल तर मागच्या भागात पाणी शिरत होतं. रेघ सरळ आणि पुढच्या पट्ट्यांवरही त्याच उंचीला असेल तर गाडी पुराच्या पाण्यात उभी होती असं समजून तिथूनच परत फिरा.

शेवटी इंजिन चालू ठेवून प्रत्येक काच तीन-तीन वेळा खाली-वर करा, ड्रायव्हरच्या बटणपट्टीवरून आणि त्या-त्या दाराच्या बटणावरूनही. एमएच ०४ आणि एमएच ४३ च्या बऱ्याच सात सीटर गाड्या आधी टुरिस्ट परमिटवर धावून मग खासगी झालेल्या असतात. आरसी बुकात तसा इतिहास दिसला तर मागच्या दारांच्या काचांवर जास्त लक्ष द्या.

आता सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार: काच हळू चढते, मध्येच अडकते. गॅरेजमध्ये लगेच ‘मशीन गेली’ असं सांगतात. मशीन म्हणजे काच उचलणारी यंत्रणा, तारेची दोरी, प्लॅस्टिकची चाकं आणि मोटर. ती बदलण्याआधी एक साधी चाचणी करा. इंजिन बंद ठेवून, फक्त चावी ऑन करून काच वर घ्या, मग इंजिन चालू करून घ्या. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज देणारा भाग) चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास जातं. तेव्हा काच लक्षात येईल इतकी वेगाने चढली, तर बॅटरी, वायर किंवा बटणाचे कॉन्टॅक्ट कमजोर असू शकतात. दोन्ही वेळा सारखीच रडत चढली तर अडथळा बहुधा चॅनलमध्ये आहे.

चॅनल म्हणजे काच ज्या खाचेतून सरकते ते दाराच्या चौकटीतलं रबर. त्याच्या आत मखमलीसारखं मऊ अस्तर असतं. घोडबंदर रोडवरची कामांची धूळ, तुर्भे-तळोजा एमआयडीसीची काळपट राख हे सगळं त्यात जाऊन बसतं आणि पहिल्या पावसात त्याचा लेप होतो. काच पूर्ण खाली घ्या. स्टीलच्या पट्टीला ओलं सुती कापड गुंडाळून चॅनलच्या तिन्ही बाजू वरपासून खालपर्यंत पुसा, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. वाळू द्या. मग सिलिकॉन स्प्रेची नळी खाचेत घालून दोन्ही उभ्या चॅनलमध्ये वरून खाली एकेक फवारा मारा आणि काच पाच-सहा वेळा खाली-वर करा. इंजिन ऑइल, ग्रीस किंवा पेट्रोलियम मिसळलेला गंज सोडवणारा स्प्रे तिथे चालत नाही. त्याने रबर फुगतं, धूळ आणखी चिकटते आणि दोन महिन्यांत काच आधीपेक्षा जड होते. अस्तर झिजून खालचं कडक रबर दिसत असेल, तर स्प्रेचा उपयोग नाही, चॅनल नवं घाला. चॅनल हे मशीनपेक्षा खूप स्वस्त पडतं आणि जुन्या चॅनलमध्ये नवी मशीन घातली तर तिची तारही तशीच ताणली जाते.

मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा कडकड करून काच दारात पडते: तार तुटली किंवा काचेला धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा फुटला. आवाजच येत नाही तर क्रमाने जा. चारही काचा बंद असतील तर फ्यूज आणि रिले. ड्रायव्हरची काच चालते पण बाकीच्या बंद असतील, तर आधी ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉकचं बटण बघा. मुलांनी ते दाबलेलं असतं. एकच काच बंद आणि ती ड्रायव्हरच्या बटणाने चालते पण स्वतःच्या नाही, तर स्वतःचं बटण गेलं. बऱ्याच गाड्यांत मागच्या बटणांचा करंट ड्रायव्हरच्या बटणपट्टीतून फिरून जातो, म्हणून तिथला एक जळलेला कॉन्टॅक्ट मागचं दार पूर्ण बंद पाडू शकतो. दार अर्धं उघडून बटण दाबल्यावर काच चालते-थांबते असं होत असेल, तर बिजागरीपाशी रबरी नळीत वायर तुटली आहे. हे सगळं ठीक असेल तर मोटरच्या प्लगवर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) लावा. बटण दाबल्यावर १२ व्होल्ट येतात, वर-खाली करताना उलटसुलट होतात, तरी मोटर गप्प: मग मोटर बदला. लागोपाठ खूप वेळा काच खाली-वर केल्यावर मोटर थांबली तर आधी काही मिनिटं थांबा. गरम झाल्यावर स्वतःला बंद करणारा कटआउट तिच्यात असतो.

मशीन घरी बदलता येते, पण क्रम चुकवू नका. आरशामागचा त्रिकोणी तुकडा, हँडलच्या वाटीतला आणि आर्मरेस्टखालचा स्क्रू काढा. मग डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, खालच्या कडेपासून प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटत वर या, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने क्लिपा तुटतात. चार-पाच क्लिपा नव्या आणून ठेवाच. पॅड वर उचलून सोडवा, प्लग काढा. आतली प्लॅस्टिकची शीट तिच्या काळ्या चिकट पट्टीसकट हळू सोलून घ्या. बटण तात्पुरतं जोडून काच इतकी खाली आणा की तिचे दोन बोल्ट भोकांतून दिसतील. ते सोडवा, बहुतेक गाड्यांत १० एमएमचा पाना लागतो. आता काच वर ढकलून मास्किंग टेपच्या तीन-चार रुंद पट्ट्यांनी चौकटीला दोन्ही बाजूंनी चिकटवा आणि बटणाचा प्लग पुन्हा काढा. दारात हात असताना मोटर फिरली तर बोटं जातात. मग मशीनचे बोल्ट, मोटरचा प्लग, आणि यंत्रणा खालच्या मोठ्या भोकातून तिरकी बाहेर. नवी बसवल्यावर काचेचे बोल्ट आधी सैल ठेवा, काच पूर्ण वर नेऊन चॅनलमध्ये नीट बसू द्या, मग घट्ट करा. ऑटो-अपची, म्हणजे एकदा बटण दाबल्यावर आपोआप वर जाणारी काच असेल तर बॅटरी काढल्यानंतर तिला शिकवावं लागतं: काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा, नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते.

आणि ती प्लॅस्टिकची शीट. ती परत न चिकटवता पॅड ठोकून दिलेली असणं, हा जुन्या गाड्यांमधला सगळ्यात मोठा निष्काळजीपणा आहे. काचेवरचं पावसाचं पाणी दाराच्या आत जाणारच, तशी रचनाच आहे. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं आणि केबिनकडे येऊ नये म्हणून शीट असते. तिची खालची कड दाराच्या आतल्या बाजूला वळवलेली हवी. शीट फाटली तर पाणी पॅडमधून झिरपून थेट मॅटखालच्या फोममध्ये जातं. नवी ब्यूटिल टेप (तीच काळी चिकट पट्टी) लावून शीट पूर्ण बंद करा. भोकं उघडी आहेत का बघायला बाहेरून काचेवर एक तांब्या पाणी सावकाश ओता, दाराच्या खालून ठिबकायला हवं. नाही ठिबकलं तर केबल टायचं टोक भोकात फिरवा. दार हलवल्यावर आत डुचमळल्याचा आवाज आला तर पावसाळ्याची वाट बघू नका, दाराचा तळ आतून गंजत असतो.

तिसऱ्या रांगेच्या पक्क्या काचा पीयू (पॉलियुरेथेन) गोंदाने चिकटवलेल्या असतात. मागचा कार्पेट ओला राहतो, सकाळी काचा आतून धुकट असतात आणि एसी लावूनही धुकं परत परत येतं, म्हणजे पाणी आत मुरतंय. पण काचेवर आळ घेण्याआधी चाचणी करा. एक जण टॉर्च घेऊन मागे बसेल, दुसरा बाहेरून पाइपने कमी जोराचं पाणी सोडेल. खालून सुरुवात: आधी टेललाइट, पाच मिनिटं. मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी छताची पन्हळ आणि डिकीच्या वरच्या भागातला ब्रेक लाइट. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. बऱ्याचदा टेललाइटचं गॅस्केट निघतं. काचच गळत असली तरी बाहेरून बाथरूमचं सिलिकॉन थापू नका. आंबट वासाच्या सिलिकॉनने खालचा पत्रा गंजतो आणि पुढे त्या जागेवर पीयू धरत नाही. काच काढून परत चिकटवणं हाच उपाय.

डिकीच्या काचेवरच्या तांबूस रेषा डीफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून धुकं घालवणाऱ्या तारांच्या आहेत. जुनी काळी फिल्म ब्लेडने खरवडली की त्या तुटतात आणि पावसात मागचं काही दिसत नाही. फिल्म वाफेने किंवा हीटगनने मऊ करून सोला. ती तशीही काढायला हवी: मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा.

पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये पीव्हीबी या पारदर्शक प्लॅस्टिकचा थर. मुंब्रा बायपास किंवा उरणच्या रस्त्यावर डंपरमागे चालताना खडी लागून टवका उडाला, तर लगेच वरून पारदर्शक सेलोटेप लावा, धूळ-पाणी आत गेलं की टवका बुजवायचं रेझिन नीट भरत नाही. उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी किंवा एसीचा पूर्ण झोत सोडू नका, टवक्याची तडा तिथेच होते. टवका कडेला किंवा ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल, किंवा तडा लांब गेली असेल, तर काच बदलणंच बरं.

बदलताना कारागिरावर नजर ठेवा. जुना पीयू एक-दोन मिलिमीटर थर ठेवून कापायचा, पूर्ण खरवडायचा नाही. पत्र्याला ओरखडा पडला तर प्रायमर, गंज असेल तर आधी तो काढायचा. पीयू हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतो, त्यामुळे जुलैची दमट हवा चालते. ओली जागा मात्र चालत नाही, म्हणून काम छपराखालीच. नंतर एक दिवस दारं आपटू नका, एक काच बोटभर उघडी ठेवा, गाडी धुऊ नका. पीयूऐवजी नुसत्या चिकट टेपवर काच बसवणाऱ्याला नकार द्या: बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डमधली एअरबॅग याच काचेला टेकून उघडते.

टँकर-बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात मिसळून जातात. हट्टी डागांना सेरियम ऑक्साइडचं पॉलिश. वायपरचे खोल ओरखडे घासून घालवायला जाऊ नका, तिथे काच लहरते आणि रात्री समोरचे दिवे आणखी फाकतात. वायपर ब्लेड मे अखेर बदला.

विम्याचं थोडं. काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, पण सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातली तुम्हीच भरायची रक्कम, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये असते, आणि त्याचं संरक्षण घेतलेलं नसेल तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. जुनी गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी बदलून घ्या. विकणाऱ्याचा बोनस तुम्हाला मिळत नाही. पुढची काच बदलली की फास्टॅगही जातो, सोलून दुसऱ्या काचेवर लावता येत नाही. काच बसवायला टाकण्याआधीच बँकेकडे नव्या टॅगची मागणी नोंदवा, नाहीतर अटल सेतूवर आणि एक्स्प्रेस वेवर जास्तीचा टोल भरावा लागेल.