चर्चमधलं कीर्तन आणि रिकामी ठेवलेली सम

मी पखवाज वाजवतो, सप्ते, भजनं, कीर्तनं हेच काम आणि पोटही त्याच्यावरच. गेल्या ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये साथीला गेलो होतो, त्या दिवसाबद्दल कधीपासून लिहायचं होतं.

आमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं की चर्चमध्ये कसलं कीर्तन? अरे पण नगरला हे नवीन नाहीच. अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे अमेरिकन ख्रिस्ती धर्मप्रचारकांची संस्था, तिथे 1831 ला आलं आणि त्याच शतकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या लोकांनी येशूचं चरित्र कीर्तनातून सांगायला सुरुवात केली, मग रेव्हरंड ना. वा. टिळक आले. 1895 ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले तरी अभंग काही सुटला नाही त्यांचा, उलट तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. येशूच्या चरित्रावरचं त्यांचं अर्धवट राहिलेलं काव्य ख्रिस्तायन त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आणि अजून मागे जायचं तर गोव्यात फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं ते छापलं गेलं 1616 ला! जन्माने इंग्रज माणूस, पण छंद आपला. त्यामुळे चर्चने आमची कला उसनी आणली असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

तर त्या दिवशी दुपारीच पोचलो. कीर्तनकार बुवा ख्रिस्तीच, नारदीय पद्धतीने करतात, नमन, पूर्वरंग, मग आख्यान. आख्यान होतं येशूचा शिष्य पेत्र याचं, म्हणजे प्रभू येशूला पकडून नेल्यावर मुख्य याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी बसलेला पेत्र तीनदा म्हणतो मी ह्या माणसाला ओळखत नाही, आणि कोंबडा आरवतो. बुवांनी त्यात पेत्राला ओळखणाऱ्या दासीच्या तोंडी मोठं खटकेबाज भाषण घातलं होतं, लोक हसतील असं. पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मगुरूंनी, सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बुवा, दासी बोलू द्या की, पण एवढं नको, तिचं ऐकता ऐकता पेत्र हरवतो. त्यापेक्षा लूकचं शुभवर्तमान घ्या. प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं, हे वाक्य फक्त लूकमध्ये आहे आणि तुमच्या आख्यानात तेच नाही."

(बायबलात येशूचं चरित्र चार जणांनी सांगितलंय, लूक त्यातला एक.) बुवा दोन मिनिटं गप्प. मग वहीतलं अर्धं पान त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं. मला हे फार मोठं वाटलं, कारण कीर्तनकाराला हशा सोडणं किती जड जातं ते मी स्टेजवर शेजारी बसून बघितलेलं आहे. आणि पाळकसाहेबांनी नुसतं "हे काढा" म्हटलं नाही, त्याच्या जागी जास्त चांगलं काहीतरी दिलं. चर्च आणि कलाकार एकत्र काम करतात म्हणजे काय, तर माझ्या दृष्टीने हे.

मग तिहाईची कल्पना निघाली. एकच बोल तीनदा घेऊन तिसऱ्याचा शेवटचा धा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा ही तिहाई, आणि पेत्राचं नाकारणंही तीनदाच. ठरलं असं की प्रत्येक नकाराला एकेक तुकडा वाजवायचा आणि तिसऱ्या वेळी सम यायच्या जागी मी वाजवायचंच नाही, तिथे पाळकसाहेबांनी लूकमधलं ते वाक्य वाचायचं. पखवाजी माणसाला सम सोड म्हणणं सोपं नाही हो, हात आपोआप पडतो, लहानपणापासून तेच शिकलेलो असतो.

दगडी चर्च, उंच छत, त्यामुळे आवाज नुसता घुमत होता. शाईकडची बाजू बुवांच्या पट्टीला, म्हणजे पेटीच्या काळी एक ह्या सुराला, हातोडीने नीट मिळवली पण डावीकडचा धुमा इतका गाजत होता की बोल एकमेकांत मिसळायला लागले. धुम्यावर लावलेली कणीक कमी केली, पोरांनी बाकं मागे सरकवून सतरंज्या अंथरल्या, आणि मंडळी भरली तसा आवाज आपोआप बसला.

प्रभुभोजनाची उपासना झाली आणि लगेच कीर्तन. पहिला नकार, तुकडा. दुसरा नकार, तुकडा. तिसऱ्याला लय थोडी चढवली आणि समेच्या आधी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पाळकसाहेब बसल्या जागेवरून, माइक न घेता, म्हणाले की प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती सम मी इतकी वर्षं हजारदा वाजवली असेन, पण तिचं वजन मला त्या दिवशी न वाजवता कळलं. समोर एक बाप्या माणूस खांद्यावरच्या उपरण्यात तोंड घालून रडत होता.

पुढे बुवांनी टिळकांचं भजन धरलं आणि मंडळी वेगळीच चाल म्हणायला लागली! पुढच्या सतरंजीवरची एक आजी अंतऱ्याला असं काही वळण घेत होती की बुवांनी आपली चाल सोडली, तिच्यामागे गेले, आणि मी भजनी ठेका जरा सैल केला. नंतर विचारलं तर म्हणाली, "माझा बाप म्हणायचा रे लेकरा, पेटी नव्हती तेव्हा, नुसत्या टाळावर."

चर्चमधला कीबोर्डवाला पोरगा तेवढ्या वेळात ती चाल मोबाईलवर रेकॉर्ड करून सूर शोधत बसला होता. त्यांच्याकडच्या गाण्यांच्या पुस्तकात शब्द छापलेत, चाल कुठेच नाही, ती फक्त ह्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आहे. म्हणून आता बुवा, तो पोरगा आणि मी असे जमेल तसं आजूबाजूच्या वाड्यांवर जाऊन चाली उतरवून घेतोय, पाळकसाहेब आधी फोन करून कुणाच्या घरी जायचं ते ठरवून देतात. नाताळच्या कीर्तनात सगळी भजनं ह्याच चालींवर घ्यायची असं ठरलंय, आणि आजीला पुढे माइकपाशी बसवायचंय, ती अजून नाही म्हणतेय.