साखळीच्या गॅरेजात दोन दिवस

पहिली सूचना बुटांची. जुने, बंद, उद्या फेकून द्यावे लागले तरी जीव हळहळणार नाही असे बूट घालून जा. मी कोल्हापुरी चपला घालून गेलो आणि फाटकाशीच एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीने अडवलं. "काका, ह्या चालायच्या नाहीत. आत तेल आहे." मग तिने तिच्या वडिलांचे गमबूट आणून दिले, दोन नंबर मोठे. पुढचे दोन दिवस मी त्यात फटक फटक आवाज करत हिंडलो.

जागा म्हणजे गोव्यात, डिचोली तालुक्यात, साखळी या शहराजवळ, जुन्या खाणरस्त्याला लागून असलेलं टिप्परचं गॅरेज. सात-आठ कलाकारांनी ते घेतलंय आणि तिथे गावासाठी तालमीची, चित्रांची, मूर्तिकामाची जागा उभी करतायत. नाव आणि नकाशावरची खूण मुद्दामच देत नाही, तशी त्यांचीच विनंती आहे. डिसेंबरात कुणीतरी तिथल्या भिंतीची रील टाकली आणि पुढच्या रविवारी चार गाड्या भरून माणसं आली. मोठी माणसं भिंतीपुढे फोटो काढत बसली आणि पोरं मागच्या अंगाला ताडपत्रीने झाकलेल्या ढिगावर चढून घसरगुंडी खेळली. तो ढीग म्हणजे त्या आवारातली सगळ्यात वाईट माती. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी साखळीच्या बाजारात नाटकवाल्यांकडे चौकशी करावी. दोन माणसांत पत्ता लागतो.

मला लागला तो माझ्या मावसबहिणीमुळे. तिला डिचोलीत दिलेली. शाळेत शिकवते आणि चतुर्थीत घुमट या वाद्यावर आरती म्हणणाऱ्या बायकांत असते. ती फोनवर म्हणाली, "तू ते चित्रांचं वगैरे लिहितोस ना, मग ये. पण चित्रं बघायला येऊ नकोस, अजून फारशी नाहीतच."

थोडं मागचं सांगायला हवं. डिचोली-सत्तरी-सांगे हा गोव्याचा खाणपट्टा. लोहखनिज इथून टिप्परमधून मांडवी-जुवारीच्या धक्क्यांवर आणि तिथून बार्जमधून मुरगावला जायचं. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणींचे भाडेपट्टे रद्द केल्यावर मार्चमध्ये सगळं पुन्हा ठप्प. या गॅरेजच्या मालकाचे स्वतःचे तीन टिप्पर होते. दोन भंगारात गेले, तिसऱ्याची फक्त केबिन आवारात आहे. आता तिच्यात ब्रश आणि डबे ठेवतात. मालक वयाच्या सत्तरीला टेकलेले, रोज संध्याकाळी येऊन खुर्ची टाकून बसतात. मी त्यांना विचारलं, भाडं किती घेता? "भाडं कसलं," ते म्हणाले, "घाण माझी. ती काढतात म्हणून मीच त्यांना चहा पाजतो."

घाण म्हणजे नेमकं काय, तर वीस-बावीस वर्षांचं काळं तेल. गाडीचं ऑइल बदललं की जुनं मागच्या चरात ओतायचं, ही तेव्हाची सर्रास पद्धत. शिवाय एका कोपऱ्यात बॅटऱ्या फोडायचे, शिशाच्या पट्ट्या भंगारवाल्याला विकायला. छपरावर सिमेंटचे जुने पत्रे, त्यात ॲस्बेस्टॉस. आणि मधोमध गाडीखाली उतरून काम करायचा पिट.

मंडळींनी जागा ताब्यात घेतली तेव्हा हिशोब असा होता की महिनाभरात झाडलोट, चुना, रंग, आणि गणपतीच्या आधी उद्घाटन. त्यांच्यात पणजीच्या कला महाविद्यालयात शिकलेले दोघे, एक पाट्या रंगवणारा पेंटर, चित्रशाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, चालवणाऱ्या घरातला एक मुलगा आणि बाकीचे जत्रेच्या नाटकांचे नेपथ्यवाले. जूनचा पहिला पाऊस पडला आणि पिट भरला. पाण्यावर मोरपंखी तवंग. दुसऱ्या दिवशी तोच तवंग खालच्या अंगाच्या ओहोळात. त्या ओहोळापासून शंभर पावलांवर शेजाऱ्यांची विहीर.

"त्या दिवशी आमचा रंगाचा बेत संपला," पेंटर म्हणाला. त्यानंतर पहिली दोन वर्षं त्यांनी भिंतीला ब्रश लावलेला नाही.

मला हा भाग फार आवडला, म्हणून जरा सविस्तर. आधी विहिरीचं पाणी तपासून घेतलं, ते सुदैवाने ठीक निघालं. मग आवाराचे दोरी लावून चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनातून दोन थरांची माती काढली, एक वरची वीतभर आणि एक हातभर खालची. वेगवेगळ्या पिशव्या, त्यांवर मार्करने आकडे. प्रयोगशाळेत दोन गोष्टी बघायला सांगितल्या: तेलाचे अंश किती आणि शिसं किती. कारण दोघांचा इलाज वेगळा. तेल जिवाणू खाऊ शकतात. शिसं कुणीच खात नाही, ते धातू आहे, जिथे आहे तिथेच राहतं.

म्हणून बॅटऱ्यांच्या कोपऱ्यातली माती खणून ड्रमांत भरली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची कागदपत्रं करून पिसुर्ले औद्योगिक वसाहतीतल्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवली. त्या कागदपत्रांना खणण्यापेक्षा जास्त वेळ लागला. उरलेली तेलकट माती म्हणजे तो ताडपत्रीखालचा ढीग. खाली जाड प्लास्टिक, कडेने चिऱ्यांचा बांध, मातीत शेण, भाताचा तूस आणि नारळाच्या सोडणाचा भुसा. आठवड्यातून एकदा फावड्याने वरखाली करायची, म्हणजे आतल्या जिवाणूंना हवा मिळते. ओल हवी, पण चिखल नको. गोव्यात पावसाळ्याला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा ताडपत्री एका रात्रीसाठी जरी उडाली तरी महिन्याची मेहनत ओहोळात. यासाठी जुलैत आळीपाळीने रात्री तिथे झोपतात.

मीही फावडं मारलं. वरची माती आता साध्या शेणखतासारखी दिसते, वासही तसाच. हातभर खाली गेलं की मात्र नाकाला तो गॅरेजचा वास येतो, जळक्या ऑइलचा. मुठीत दाबली तर बोटांच्या रेघांत काळं बसतं (हातमोज्याच्या बोटांत, हातमोजे ते देतात, घाला). चित्रशाळेतला मुलगा दर वेळी एक गोळा काढतो आणि तोंडाशी रुंद असलेल्या बाटलीत पाणी घालून हलवतो. वर तवंग किती येतो ते बघतो, तारीख घालून बाटली फळीवर ठेवतो. फळीवर अशा तीसेक बाटल्या. डावीकडून उजवीकडे तवंग पातळ होत गेलेला. प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा त्या घेत नाहीत हे तोही जाणतो, पण गावातल्या माणसाला अहवाल वाचता येत नाही, बाटली वाचता येते. माझ्या मते त्या जागेतलं आजवरचं सगळ्यात चांगलं काम ती फळी आहे, आणि तिला कुणी कलाकृती म्हणत नाही.

एका पाहुण्याने सुचवलं होतं म्हणे, सूर्यफुलं लावा, ती शिसं शोषतात, फोटोही छान येतील. शोषतात, थोडंफार, अनेक हंगाम लावले तर. पण मग त्या झाडांचं काय करायचं? ती जाळता येत नाहीत, खतात घालता येत नाहीत, गुरांना तर नाहीच. ताईंनी, म्हणजे त्यांच्यातल्या थोरल्या चित्रकार बाईंनी, त्याला हेच विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला.

पत्रे काढलेले नाहीत. ॲस्बेस्टॉसचा पत्रा अखंड असेतो फारसा त्रास देत नाही. तो फोडला, कापला, भोक पाडलं की त्याचे फुप्फुसांना घातक तंतू हवेत उडतात. म्हणून आतून छत घेतलंय आणि पत्र्याला कुणी खिळाही मारायचा नाही. पिट पंपाने रिकामा करून, घासून, काँक्रीटने बुजवलाय. त्यावर आणि सगळ्या दालनात मुरूम, मग चिरे. आता तिथे रंगमंच आहे, गुडघाभर उंच. लहान मुलं फक्त त्या चिऱ्यांवर, उघड्या मातीत नाही, हा नियम पाटीवर लिहिलाय. पाटी अर्थात सुंदर आहे, पेंटर कुणाचा आहे!

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी खल-बत्ता काढला. खाणीच्या डंपाखालच्या, म्हणजे टाकाऊ मातीच्या डोंगराखालच्या, ओढ्यातून आणलेली तांबडी खनिजमाती त्या कुटून, पाण्यात ढवळून, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात निथळत होत्या. जड कण पहिल्या भांड्यात राहतात, दुसऱ्यात उतरते ती पिठासारखी साय. इथलं खनिज म्हणजे हेमेटाइट, लोखंडाचं ऑक्साइड. आपण अंगणात रांगोळीखाली देतो तो गेरू दुसरा काय असतो? पाच वेळा निथळल्यावर त्यांनी त्यात डिंक घातला आणि पुठ्ठ्यावर एक पट्टा ओढला. ओला होता तोवर वांगी रंगाकडे झुकणारा, वाळला तसा विटकरी. ही मातीसुद्धा आधी तपासून घेतलेली. भिंतीवरचं एकमेव पूर्ण चित्र याच रंगात आहे: टिप्परची रांग, आणि तिच्याखाली गाळाने भरलेली भातशेती. याच मातीने त्या शेतांची वाट लावली. चित्राखाली उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने मला आपलं शेत बोट ठेवून दाखवलं.

रात्री तालीम होती. जवळच्या गावच्या जत्रेचं मराठी नाटक, ऐतिहासिक. प्रॉम्प्टरचा आवाज नटांपेक्षा मोठा. औरंगजेबाचं काम करणारा इसम दिवसा विजेच्या मीटरचं रीडिंग घेतो आणि मधल्या सुट्टीत फावडं घेऊन ढीग हलवून आला. मी म्हटलं, बादशहा आणि हे? "दादा, आज माझी पाळी," एवढंच.

आता जाण्यायेण्याचं. कोल्हापूर-बेळगावकडून येणाऱ्यांनी चोर्ला घाटाने उतरावं. घाट संपता संपता अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, मग केरी, मग साखळी. पावसाळ्यात हा रस्ता धुक्यात असतो, अंधार पडायच्या आत उतरा. रेल्वेने आलात तर थिवी स्टेशन सोयीचं, तिथून डिचोली जवळ. विमानाने मोपा. पणजीहून साखळीला सरकारी कदंबच्या आणि खासगी बसेस दिवसभर मिळतात, पण परतीच्या बसचं वेळापत्रक आधी विचारून ठेवा. मी तालमीत रमलो, बस गेली, आणि औरंगजेबाच्या स्कूटरवर मागे बसून डिचोलीला पोचलो. दुचाकी भाड्याने घेणार असाल तर काळ्या नंबरपाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच, म्हणजे भाड्याचा परवाना असलेलीच घ्या. मी स्वस्तात मिळते म्हणून पांढऱ्या पाटीची घेतली, पोलिसाने थांबवलं, आणि ती देणाऱ्या दुकानदाराने त्यानंतर फोनच उचलला नाही.

खाण्यासाठी साखळीच्या बसस्टँडजवळ सकाळी पातळभाजी-पाव आणि मिरची भजी. नऊनंतर भाजी संपलेली असते. आवारात मात्र खायचं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेरच्या बाकावर. आधी हात धुवायचे, साबणाने, मगच चहा. चहा मालकांकडून.

हातात आणखी एक दिवस असेल तर पणजी आणि पिळर्ण जोडून घ्या. पणजीत जुन्या गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, इमारत बघा. 1842 साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा हा वारसा. कॉलेज बांबोळीला गेल्यावर 2004 पासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि 2016 पासून डिसेंबरातला सेरेंडिपिटी कला महोत्सव यांनी तिला पुन्हा माणसं मिळवून दिली. कला महोत्सवाला प्रवेश मोफत असतो, ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. इतर दिवसांत बाहेरूनच. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत सुबोध केरकरांचं म्युझियम ऑफ गोवा आहे, 2015 पासून. केरकर मूळचे डॉक्टर. कारखान्यांच्या शेडमधून वाट काढत तिथे पोचावं लागतं. याच वसाहतीत जानेवारी 2023 मध्ये एका रंगाच्या कारखान्याला मोठी आग लागली होती. साखळीच्या ढिगात फावडं मारून आल्यावर त्या गटारांकडे आणि कुंपणांकडे मी वेगळ्याच नजरेने बघत होतो, आतल्या शिल्पांकडे जरा कमीच लक्ष गेलं हे कबूल करतो. नार्व्याचं सप्तकोटेश्वर डिचोलीहून जवळ आहे, 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करवलेलं. बहीण घेऊन गेली, अर्धा तास पुरतो.

गॅरेजात जायचं ते आधी विचारून, शक्यतो शनिवारी, कारण ढीग हलवायचा दिवस शनिवार आणि तेव्हा माणसं कमी पडतात. पैसे ते घेत नाहीत, निदान माझ्याकडून घेतले नाहीत. रंगाचे जुने डबे नेऊ नका. लोक घरातले उरलेले ऑइलपेंट आणून टाकतात, जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आणि मग ते डबे कुठे टाकायचे हा आणखी एक व्याप. न्यायचीच असतील तर रिकामी पोती न्या. गोणपाटाची, प्लास्टिकची नकोत. पुढच्या जूनपर्यंत त्यांना दोनशे लागणार आहेत, मी अकरा दिली.